येड्यानं इचारायचं, बाईंनी सांगायचं

सगुणाबाईंनी माझ्या तोंडात एकंदर आकरा येळा मारली. त्यातल्या सात वगात होत्या; त्या मारायच्याच आसत्यात, लोकं त्याच्यासाठीच बसल्याली आसत्यात. उरलेल्या चार मी सोताच्या कर्तबगारीवर मिळवल्या; त्यातली पहिलीच सांगन्याजोगी.

बाई म्हंजी आमच्या तमाशाच्या मुख्य बाई. मी त्याच फडातला सोंगाड्या, म्हंजी येडं. चाळीस वर्सं त्या शान्या आन् मी येडा. फरक एवढाच की त्यांना शानं दिसायला कष्ट पडायचं.

मी काय कलावंत म्हनून फडात आलो न्हवतो. तंबूच्या खुट्ट्या ठोकायला आलो होतो, आन् त्या बी वाकड्या ठोकायचो. शाळंत मी एकदाच गेलोय, ते बी म्हस आत घुसली म्हनून. म्हस बाहेर आली, मी बी आलो. आमच्या दोघांत जास्ती येळ आत ऱ्हायली ती म्हस.

बाई तिसरी शिकलेल्या. शिरूरकडच्या न्हावरे गावच्या. उंच, नाकावर जुन्या जखमेचा एक बारीक वन, आन् आवाज आसा की त्यांनी नुसतं "पानी आन" म्हनलं तरी शेजारच्या तंबूतलं मानूस पानी आनायला पळायचं. कामाला उभं ऱ्हायच्या आदी त्या गर्दीत सगळ्यात मागचा मानूस हुडकायच्या. कुनीतरी सायकलीला टेकलेला, कुनीतरी बैलगाडीवर चढलेला. मला म्हनायच्या, "बबन्या, त्यो टोपीवाला बघ. आज त्याला ऐकवायचं. फुडं बसल्यात त्यांना काय, आपुन खोकलो तरी ऐकू येतं."

दुसरी खोड म्हंजी आरसा. रंग लागला की त्या आरश्यात बघायच्या न्हाईत. मलाच इचारायच्या, "कशी दिसती रं?"

"वांग्याच्या भरतावानी," मी म्हनायचो.

"मंग झ्याक," म्हनून उठायच्या. ज्या दिवशी मी नीट सांगितलं, त्या दिवशी त्यांनी परत तोंड धुतलं. म्हनल्या, "तू चांगलं म्हंतोयस म्हंजी कायतरी बिघडलंय."

आता आमचा धंदा तुमाला जरा सांगाया पायजे, न्हाईतर फुडलं कळायचं न्हाई. वग लिवलेला नसतो. गोष्ट ठरल्याली आसती, बोलनं ज्याचं त्यानं डोक्यात ठिवायचं. आमचा गाजलेला वग कोतवालाच्या आईचा. कोतवाल लोकांना लुटतोय, आन् त्याची सोताची आई दरबारात त्याच्या इरुद्ध फिर्याद घिऊन येती. बाई ती आई. शेवटाला त्यांचं मोठं भाषन. मी दरबाराचा शिपाई, पर सुरवातीला माझं काम नुसतं भाला धरून उभं ऱ्हायचं. तोंड उघडायचं न्हाई आशी सक्त ताकीद.

एका गावच्या जत्रंत दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी होती. हजेरी म्हंजी कुस्त्यांच्या आदी दिवसाउजेडी पाटलापुढं करायचा खेळ. बाई रंग लावत होत्या तवा निरोप आला, त्यांची आई गेली. बाईंनी निरोप आननाऱ्याला भाकरी वाढायला सांगितली आन् कामाला उभ्या ऱ्हायल्या. वग शेवटाला आला. बाई फुडं झाल्या, हात जोडले, तोंड उघडलं, आन् शब्द न्हाई. पेटीवाला सूर धरून बसला. लोकं बघायलीत. मला एवढी भीती वाटली की माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, "म्हातारे, फिर्याद कुनाच्या इरुद्ध?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "माझ्या पोटाच्या," त्या म्हनल्या.

"पोटाच्या? मंग वैद्याकडं जा की! हितं दरबारात कशाला आलीस?"

लोकं हसली. आन् त्या हसन्यावरनं बाई आशा वर आल्या, जसं काय कुनी हात धरून उठवलं. सगळं भाषन. हसनारी लोकं रडायला लागली. सगळं झाल्यावर त्यांनी मला तंबूमागं बोलावलं आन् कानाखाली काढली. ही बिगर-वगातली पहिली. मंग म्हनल्या, "न इचारता बोललास म्हनून ही. आन् आजपासनं रोज तितंच उभा ऱ्हा आन् रोज इचार."

तवापासनं माझा धंदा हाच. येड्यानं इचारायचं, बाईंनी सांगायचं. कुठं अडकल्या की मी कायतरी बावळट इचारायचो, त्यांना उत्तर देता देता वाट सापडायची. लोकांना वाटायचं मी इनोदी हाय.

फुडं बाई शिनेमात गेल्या. पहिल्या शिनेमात त्यांना हिरोची आई केलं. हिरो त्यांच्यापेक्षा चार वर्सांनी थोरला. पहिल्या दिवशी तो पाया पडायला वाकला तर त्याला कंबरंमुळं उठता येईना, आईनंच उठवला. कागद द्यायचे तवा बाई कुनाला तरी मोठ्यानं वाचायला लावायच्या. दोनदा. तिसऱ्यांदा कुनी वाचायला लागलं की हात आडवा करायच्या. "दोनदा बास. तिसऱ्यांदा म्हंजी माझा आपमान." आन् एका दमात म्हनायच्या, चूक न्हाई.

माझ्यासाठी त्यांनी शब्द टाकला, म्हनून मला बी एक काम मिळालं. पोष्टमन. दारात येऊन म्हनायचं, "तार आलीया." एवढंच. हिरो म्हनला, "कुणाची?" हे त्याच्या कागदात होतं. पर मला कुनी इचारलं की मी गप ऱ्हातोय व्हय! मी म्हनलो, "मला वाचता आलं आसतं तर मी पोष्टमन झालो आसतो का, मास्तर झालो आसतो." हिरो हसला. परत घेतलं. दुसऱ्या येळी मी गप ऱ्हायचं ठरवलं, तर तोंडातनं दुसरंच आलं. सहाव्या येळंला मला भाईर काढला आन् ती तार शेवटाला शूटिंगला म्हस घिऊन आलेल्या गड्यानं आनून दिली. बाई परतीच्या एस्टीत शिरूरपतूर खिडकीतनं बाहेर बघत बसल्या. घोडनदीचा पूल आला तवा म्हनल्या, "तुला माझ्यासंगट न्हेनं म्हंजी देवळात कोंबडा न्हेनं." मंग दोघं बी हसलो.

शिनेमे झाले, मंग टीव्हीवरच्या शिरेली आल्या. कधी सासू, कधी मोलकरीन, कधी नुसती बाजारात भाजी घेनारी. जत्रंच्या दिवसात फडात, उरलेल्या दिवसात शूटिंगला. मूल-बाळ न्हाई. शिरूरला एक खोली, एक पत्र्याची पेटी. फड मोडला तवा बी त्या रडल्या न्हाईत. "आपुन मोडलो न्हाई ना," म्हनल्या.

आन् मंग एक दिवस शिरूरच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभ्या ऱ्हायल्या. भाजीवाली म्हनली, "काय देऊ, आजी?" बाई म्हनल्या, "ही… ती… हिरवी." मी खदाखदा हसलो. मला वाटलं सोंग करत्यात. भाजीवाली बी हसली. बाई न्हाई हसल्या. जुडी खाली ठिवली आन् घरी निघाल्या, आन् चार पावलांवर थांबून माझ्याकडं बघायल्या, कारन घर कुनीकडं ते मी सांगायचं होतं. मी आजून हसतच होतो. आसा मी.

त्यांची बहिनीची लेक सुनीता दौंडला आसती, नवरा रेल्वेत. ती डाक्टरकडं घिऊन गेली. डाक्टर म्हनले, हे वाढतच जानार. गोळ्या देतो, पर गेलेलं परत यायचं न्हाई.

त्या दिवशी बाईंनी मला म्होरं बसवलं. "बबन्या, तुझं बरं हाय. तुझ्या डोक्यात काय न्हवतंच."

"व्हय बाई, माझं कायच जायचं न्हाई."

"माझं समदं डोक्यातच हाय रं. कागदावर एक अक्षर न्हाई. पन्नास वर्सं हाय हितं," त्यांनी कपाळाला बोट लावलं. "बाकी जाऊ दे. पर त्या आईचं भाषन. ते एकदा कुठंतरी धरून ठिव. मी जायच्या आदी ते जाईल."

मी म्हनलो, हात्तिच्या, मोबाईल कशाला हाय! सुनीतानं मला फोनवर शिकवलं. "मामा, लाल टिपका दिसला की बोलू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत मी फोन डब्याला टेकवून ठिवला. लाल टिपका दिसला. मी भाल्याच्या जागी झाडू धरला आन् इचारलं, "म्हातारे, फिर्याद कुनाच्या इरुद्ध?" आन् बाई बोलल्या, पोरांनो. सबंध. खोली दहा बाय दहाची, पर त्यांनी रस्त्याच्या पल्याड पंक्चरवाला उभा होता त्याला ऐकवलं. शेवटी घामाघूम होऊन बसल्या. "आलं का रं?"

मी फोन घेतला. त्यात कायच न्हवतं. लाल टिपका दाबायचा आसतो. मी नुसता बघितला होता.

"आलं बाई," मी म्हनलो. "समदं आलं."

दुसऱ्या दिवशी मी परत म्हनवून घ्यायला गेलो. अर्ध्यात तुटलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या बी आदी. आन् त्या म्हनायच्या, "ऱ्हाऊ दे की, तुझ्याकडं आलंय न्हवं?" काय सांगू! खोटं बोललो होतो ते गिळून बसलो.

म्हनून जवा पुन्याची शिरेलवाली मानसं आली तवा मला देवच आला वाटला. रांजणगावच्या आलीकडं एका मळ्यात शूटिंग. त्यांना म्हातारी पायजे होती. ग्रामसभेत उभी ऱ्हाऊन सोताच्या सरपंच पोराच्या इरुद्ध बोलनारी आई! मी म्हनलो, हे तर आमचंच. बाईंचं भाषन न्हाई, दुसऱ्या कुनी लिवल्यालं, एक पानभर. पर निदान क्यामेऱ्यात बाई बोलताना ऱ्हातील. त्यांच्यात मानसं गोळा करनारा एक कामवाला पोरगा होता, त्यानं इचारलं, "काका, आजींना पाठांतर जमेल ना? एक पूर्ण पान आहे."

"पाठांतर?" मी म्हनलो. "रेडिओ हाय. दोनदा वाचा, तिसऱ्यांदा वाचलं तर मारत्यात."

आजाराचं मी बोललो न्हाई. बाईंनी बी मला बजावलं होतं, "सांगशील तर तोंड बघनार न्हाई तुझं. मला एकदा उभी ऱ्हाऊ दे."

आठ दिवस सुनीता हितं येऊन ऱ्हायली आन् तिनं ते पान वाचलं. दोनदा न्हाई. दोनशेदा. बाईंनी एकदा बी हात आडवा केला न्हाई, गप ऐकायच्या.

शूटिंगच्या दिवशी गावातली पन्नासेक मानसं बसवली होती. बाईंना पांढरं लुगडं दिलं. रंग झाल्यावर त्यांनी मला इचारलं, "कशी दिसती रं?"

"भरतावानी," मी म्हनलो.

पहिल्या खेपेला दोन वाक्यं आली. दुसऱ्या खेपेला एक. तिसऱ्या खेपेला त्यांनी सरपंचाला "कोतवाला" म्हनलं.

"कट. आजी, टेन्शन नका घेऊ हं," डायरेक्टर म्हनला. भला मानूस होता, उगं कशाला खोटं बोलू. पानी दिलं, सावलीत बसवलं, वाक्यं निम्मी केली. सहाव्या खेपेला बाई नुसत्या उभ्या. पन्नास मानसं बघायलीत. बाईंची नजर मागं सगळ्यात लांबच्या मानसाला हुडकतीय, आन् त्यो सापडना.

माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. मी क्यामेऱ्याच्या बाजूनं सरळ मधी गेलो, ताठ उभा ऱ्हायलो आन् वरडलो, "म्हातारे, फिर्याद कुनाच्या इरुद्ध?"

बाईंची मान फिरली.

"माझ्या पोटाच्या."

"मंग वैद्याकडं जा की! हितं दरबारात कशाला आलीस?"

मानसं हसली. आन् बाई निघाल्या. "दवा देनारा वैद्य लई हाईत रं शिपाया, पर न्याव देनारा दरबार एकच हाय. नऊ म्हैनं मी ह्याला वझं म्हनून न्हाई वागवला, आशा म्हनून वागवला…" सबंध. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई. आवाज पकडायला कानाला डबडी लावून बसला होता त्या पोरानं डबडी काढली, कारन बाईंना डबड्याची गरज न्हवती. मळ्याच्या कडंनं कंपनीची बस चालली होती, ती थांबली आन् ड्रायव्हर दारात उभा ऱ्हायला. सपलं तवा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डायरेक्टरनं सुद्धा.

मी पळत क्यामेरावाल्याकडं गेलो. "आलं का? आलं ना समदं?"

त्यो पोरगा कावराबावरा झाला. "काका, तुम्ही फ्रेममध्ये आलात ना, तेव्हाच कट झालं. कॅमेरा बंद होता."

दोन येळा. दोन येळा बाईंनी ते सबंध दिलं आन् दोन्ही येळा मी सांडलं. तिसऱ्यांदा ते आलं न्हाई. परत कधीच न्हाई.

संध्याकाळच्या आत त्यांना ते उरकायचं होतं. डायरेक्टर, लिवनारा, आनखी एकजन, झाडाखाली बोलत बसले. मंग तो कामवाला पोरगा आला. "आजींचा एक छान फोटो काढतो. काका, जरा हसवा ना त्यांना. तुम्हाला जमेल."

मला वाटलं आठवन म्हनून काढत्यात. आन् हसवायचं म्हनल्यावर मला काय सांगावं लागतंय व्हय! मी ऐटीत डायरेक्टरच्या घडीच्या खुर्चीत जाऊन बसलो आन् म्हनलो, "आजपासनं शिरेल मी काढनार." खुर्चीनं मला गिळलं. पाय वर, टोपी धुळीत. बाई आशा हसल्या, पोट धरून, तोंडभरून, तीस वर्सांत हसल्या न्हवत्या आशा. फोटू निघाला. त्यांनी बाईंना शाल दिली, पाया पडले, गाडीनं घरी सोडलं.

बाई गाडीत म्हनल्या, "आज झालं बघ. मागच्या मानसापतूर गेलं."

"गेलं बाई."

"क्यामेऱ्यात बी आलं."

"आलं," मी म्हनलो. दुसऱ्यांदा.

शिरेल लागली त्या दिवशी दुपारी शेजारच्या बायका खोलीत जमल्या. मी शेव-चुरमुरं आनलं होतं. सरपंचाचं घर दाखवलं. आन् भिंतीवर बाईंचा फोटू. तोच, हसनारा. वरनं चंदनाचा हार. सरपंच त्याच्याम्होरं उभा ऱ्हाऊन म्हनतोय, "आई, तू असतीस तर…"

शेजारची म्हनली, "आगं बया, मारलंच की आजीला!" आन् तोंडावर पदर घेतला.

मी शेव खाली ठिवली. फोटूतलं हसू मी काढल्यालं होतं. खुर्चीतनं पडून.

बाई एकटक बघत होत्या. "फोटू झ्याक आलाय," म्हनल्या. मंग भाग सपला, जाहिराती लागल्या, तशा माझ्याकडं वळल्या. "भाषन कुठंय रं? फुडच्या भागात हाय का?"

आता तुमी सांगा, मी काय म्हनायला पायजे होतं. मी म्हनलो, "व्हय बाई. फुडच्या भागात."

मंग दीड म्हैना त्या रोज त्या टायमाला केस इंचरून, शाल घिऊन टीव्हीम्होरं बसल्या. रोज इचारायच्या, "आज हाय का?" मी रोज म्हनायचो, "उद्या." त्या हार घातलेल्या फोटूपुढं सरपंच रोज रडायचा, सून रोज उदबत्ती लावायची, आन् बाई वाट बघायच्या की हे कवा सपतंय आन् आपलं कवा येतंय. मी सोंगाड्या, मला थापा मारायची सवय. पर त्या थापा मी टीव्हीकडं बघून मारायचो, त्यांच्याकडं न्हाई. एक दिवस त्या टायमाला त्या बसल्याच न्हाईत, इसरल्या. आन् मला, खरं सांगतो, हायसं वाटलं. एवढा मी हलकट.

फुडं त्यांनी एकदा दूध गॅसवर ठिवलं आन् भाईर निघून गेल्या. सुनीता येऊन त्यांना दौंडला घिऊन गेली. पेटी मी उचलून गाडीत ठिवली. बाईंनी मला म्हनलं, "जपून ठिव रं भाऊ, त्यात माझी लुगडी हाईत." भाऊ म्हनल्या. बबन्या न्हाई.

मी मागल्या म्हैन्यात गेलो. न्हावऱ्यावरनं चौफुल्याला उतरून दौंडची गाडी धरली. सुनीतानं दार उघडलं. "मामा, आज बऱ्या हायत. पर वळखतील का ते सांगता येत न्हाई."

बाई दाराम्होरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मला बघितल्यावर पदर नीट केला आन् हात जोडले.

"या पाव्हनं. बसा. कुठल्या गावचं म्हनायचं?"

माझ्या लक्षात आलं. त्यांना मी जत्रंसाठी फड ठरवायला आलेला कुनीतरी वाटलो होतो.

"शिरूरचा," मी म्हनलो.

"जत्रा कवा हाय?"

"चैतात."

"वग कंचा लावायचा?"

"कोतवालाच्या आईचा."

बाई सरळ बसल्या. "त्यात शेवटाला माझं भाषन हाय. लोकं त्याच्यासाठीच येत्यात."

"ऐकवा की थोडं, बाई."

"आसं कसं ऐकवू? आदी आमचा बबन्या इचारतो. येडं हाय ते, लई वंगाळ काम करतं. पर इचारतं बराबर. त्यानं इचारलं की मला समदं येतं."

मी उठलो. गुडघं दुखत्यात आता, पर ताठ उभा ऱ्हायलो, सुनीताची छत्री भाल्यावानी धरली. "म्हातारे, फिर्याद कुनाच्या इरुद्ध?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माझीच लाज वाटली. हळूच हसल्या, जसं कुनाचं मन मोडू नये म्हनून हसत्यात.

"तुमी नका तरास घेऊ, पाव्हनं. तुमाला ते जमायचं न्हाई. येईल तो आता. चा प्यायला गेला आसंल."

आन् दाराकडं बघत बसल्या.

मी छत्री कोपऱ्यात ठिवली. त्यांच्या शेजारी बसलो आन् मी बी दाराकडं बघायला लागलो.